दोन बाय दोनची लादी

लादी पसंत करायची म्हणून सगळं घर पेणच्या दुकानात जमलं होतं, आणि इंदुबाईंना दुकानाची पायरी दिसत नव्हती.

पायरी आहे हे त्यांना कळलं होतं. पुढे चाललेली सरू खांद्यानं जराशी वर उचलली गेली, ते त्यांनी पाहिलं होतं. पण ती नेमकी कुठे सुरू होते ते कळेना. शेठनं दारापासून आतपर्यंत नवी लादी बसवून घेतली होती, पांढरी, मोठमोठी, आणि वरच्या ट्यूबलाइटी तिच्यात अशा उतरल्या होत्या की वरचं कुठलं आणि खालचं कुठलं हेच उमगू नये. इंदुबाईंनी चपलेचा अंगठा पुढे सरकवला, चाचपला, टेकला. मग पाऊल उचललं ते गरजेपेक्षा जास्त उचललं, आणि आत पडताना धपकन पडलं. सरूनं वळून न बघता हात मागे केला. इंदुबाईंनी तो धरला नाही. पदर सावरल्यासारखं केलं आणि आत गेल्या.

दीड वर्षापासून हे चाललं होतं. मालकांचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी समईच्या ज्योतीभोवती त्यांना रंगीत कडी दिसली होती. धुरानं असेल म्हणून त्यांनी डोळे पुसले. मग कडी रोज दिसू लागली. मग उजवा डोळा हळूहळू असून नसल्यासारखा झाला, आणि डाव्याचं असं झालं की समोर ताटाएवढं दिसायचं, स्वच्छ दिसायचं, पण ताटाच्या बाहेर काही नसायचं. तिथे काळोख नव्हता, धुकंही नव्हतं. तिथे नुसतं काही नव्हतंच. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत असल्यानं बोलताना कुणाला संशय येत नव्हता. तांदूळ निवडताना सूप डोळ्यांसमोर धरलं की भागत होतं. पेणजवळच्या खारातल्या त्या घरात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. तिथल्या उंबरठ्यांना आणि खांबांना डोळे लागत नव्हते.

घरात कुणाला सांगायचं नाही हे त्यांनी पहिल्याच महिन्यात ठरवलं होतं. त्यांची आई अशीच आंधळी होऊन गेली होती. मिठागराच्या पांढऱ्या उन्हात जन्म गेलेली बाई, शेवटची सात वर्षं भावाच्या पडवीत एका पाटावर बसून होती. कुणाचं पाऊल वाजलं की ती विचारायची, "कोण गो?" जाणारा घाईत असायचा. उत्तर न देताच निघून जायचा. इंदुबाई माहेरी जात तेव्हा त्याही एकदोनदा तशाच निघून गेल्या होत्या. ते त्यांना आता आठवत राही.

आणि नेमकं आता सगळं त्यांच्यावर येऊन ठेपलं होतं. धाकटा प्रणित रोह्याजवळच्या एका कंपनीत शिफ्टला होता, तिथून जवळच वरश्याला त्यानं घर बांधायला काढलं होतं. त्याची बायको नम्रता रोह्याला तालुक्याच्या कचेरीत नोकरीला. त्यांची मनस्वी चार वर्षांची, तिला दुपारी बालवाडीतून आल्यावर सांभाळायला कुणी नव्हतं. घर झालं की आई वरश्याला येणार आणि मनूला बघणार, हे गणपतीत सगळे बसलेले असताना ठरलं होतं. इंदुबाई "व्हय" म्हणाल्या होत्या. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

दुकानात बोलण्याला तोंड फुटलं ते थोरल्या दत्तात्रेयामुळे. पेणच्या मूर्तीच्या कारखान्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती, आणि कुठल्याही वस्तूवर बोटाची पेरं फिरवून ती किती टिकेल ते सांगायची त्याला सवय होती. त्यानं मोझॅकची लादी घ्यावी असं सुचवलं. दहा इंची, ठिपक्यांची, एकदा मशीन फिरवून घासली की नातवंडांपर्यंत बघायला नको. नम्रतानं ते ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की मोझॅक कचेरीत असतं. तिला ही नवी, दोन बाय दोन फुटांची हवी होती. रोह्यात एका डॉक्टरांच्या घरी तिनं ती पाहिली होती. सांधे कमी, फडकं मारलं की झालं, आणि खोली आहे त्याच्या दुप्पट वाटते. कान्हू मिस्त्री, जो लादी बसवणार होता, तो दोघांच्या मधे उभा राहून दोघांचंही बरोबर आहे म्हणत होता. मोठ्या लादीला खालचा थर एकदम सपाट लागतो, जरा पोकळी राहिली तर ती तडकते, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

दत्तात्रेयाची बायको सरू जरा मागेच उभी होती. ती इंदुबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी, सून म्हणून घरात आली त्याला अठरा वर्षं झाली होती, पण अजून त्यांना आत्याच म्हणायची. थोरल्या घरात तिचा शब्द चालायचा, धाकट्याच्या घराबद्दल ती तोंड उघडत नसे.

बोलणं ताणायला लागलं तसा प्रणितनं नेहमीचा मार्ग काढला. आये सांगेल ती लादी, असं तो म्हणाला. घरात तीच राहणार आहे दिवसभर.

मग सगळे त्यांच्याकडे बघू लागले. इंदुबाईंना ते चेहरे एकेक करून, मान फिरवून शोधावे लागले. नम्रता त्यांचा दंड धरून त्यांना दुकानाच्या मधोमध घेऊन गेली आणि ही बघा आई, ही हस्तिदंती, असं म्हणत तिनं खाली बोट दाखवलं. इंदुबाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या ताटाएवढ्या जागेत एक जळता दिवा होता, त्याच्या शेजारी आणखी एक. जमीन नव्हतीच. आपण पाण्यावर उभ्या आहोत आणि एक पाऊल टाकलं की आत जाऊ, असं वाटून त्यांनी पाय जागचा हलवला नाही. हे असं घर. दिवसभर. आणि कडेवर, नाहीतर पायाशी, एक पोर.

"बारकी लादी घ्या," त्या म्हणाल्या. "हिच्यावर पोरगी घसरंल."

कारण खोटं होतं, पण ऐकायला खरं वाटलं. दत्तात्रेय मान हलवून हसला. नम्रताचा हात त्यांच्या दंडावरून सुटला. तिनं एकदा दिराकडे आणि मग जावेकडे पाहिलं, ते इंदुबाईंना दिसलं नाही, पण पुढच्या वाक्यात ऐकू आलं. यांनी येताना बसमध्येच सगळं ठरवलं असेल तर मला बोलवायचं कशाला, असं ती प्रणितला म्हणाली. आवाज चढवला नाही. सरूच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिनं काहीतरी बोलायला हात उचलला होता आणि परत खाली घेतला होता.

इंदुबाईंच्या लक्षात आलं की त्यांच्या एका खोट्या शब्दानं घराचे दोन भाग झाले होते. दत्ता आणि सरू एकीकडे, धाकटी दोघं दुसरीकडे. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

शेवटी कान्हू मिस्त्रीनंच तोड काढली. नऊ लाद्या नमुन्याला न्याव्यात, वरश्याला हॉलमध्ये रेतीवर नुसत्या मांडाव्यात, दिवसाउजेडी बघावं, आणि मग काय ते ठरवावं. शेठ कबूल झाला. पुढच्या रविवारी वरश्याला जमायचं ठरलं. परतीच्या बसमध्ये इंदुबाईंना आठ दिवस मिळाले याचाच आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली.

आठ दिवस संपले. रविवारी अकराच्या सुमारास सगळे वरश्याच्या घरात होते. स्लॅब पडून दोन महिने झाले होते. भिंतींना आतून गिलावा झाला होता, दारांच्या चौकटी बसल्या होत्या पण दारं नव्हती, जिन्याला कठडा नव्हता. मागच्या अंगणात जमिनीखालची पाण्याची टाकी बांधून झाली होती आणि बांधकामाला लागतं म्हणून ती काठोकाठ भरून ठेवलेली असे. तिच्या तोंडावर पत्र्याचा एक तुकडा टाकला होता. हे सगळं प्रणितनं आईला आल्याआल्या सांगितलं, हौसेनं, एकेक वस्तू दाखवत. इंदुबाई प्रत्येक वेळी "हां" म्हणाल्या. पत्रा कुठे, टाकी कुठे, हे त्यांनी नुसतं ऐकून मनात मांडून घेतलं.

हॉलमध्ये नऊ लाद्या मांडलेल्या होत्या. पूर्वेच्या खिडकीतून ऊन येऊन त्यांच्यावर पडलं होतं आणि छतावर त्याचा पांढरा तुकडा उमटला होता. दत्तात्रेयसुद्धा क्षणभर बघत राहिला आणि दिसायला बरी आहे हे त्यानं मान्य केलं. मनूनं चपला काढल्या आणि ती एका लादीवरून दुसऱ्या लादीवर लंगडी घालू लागली. कान्हू मिस्त्री वर गच्चीचा ढाळ दाखवायला निघाला, पाणी कुठे साचतं ते बघून घ्या म्हणाला. प्रणित, दत्ता, सरू जिन्याकडे वळले. नम्रताला मनूला वर न्यायचं नव्हतं, कठडा नाही म्हणून.

"आई, मनूकडे बघाल ना?"

"व्हय."

ती एक पायरी चढली आणि थांबली. "दिसतेय ना तुम्हाला तिथून?"

"हाय गो, डोळ्यासमोर हाय माझ्या."

नम्रता वर गेली. इंदुबाई सिमेंटच्या दोन गोणींवर बसल्या. मनू खरोखरच समोर होती. तिचा लाल फ्रॉक त्या ताटात यायचा, जायचा, पुन्हा यायचा. नसला तेव्हा पायांचा आवाज असायचा, पट, पट, पट. इंदुबाई त्या आवाजाला धरून बसल्या. वरून मिस्त्रीचा आवाज येत होता, दत्ता काहीतरी विचारत होता. त्या तिकडे ऐकू लागल्या ते फार तर दोन वाक्यांपुरतं.

मग त्यांच्या लक्षात आलं की पट, पट थांबलंय.

त्यांनी मान डावीकडे फिरवली, मग उजवीकडे. उन्हाचा तुकडा, भिंत, खिडकी, रेती. त्यांनी हळूच हाक मारली, "मनू." उत्तर नाही. पुन्हा मारली. आवाज वर जाऊ नये म्हणून दोन्ही हाका त्यांनी घशातल्या घशात मारल्या होत्या, हे त्यांना स्वतःलाच कळलं. जिना चार पावलांवर होता. एक मोठी हाक, आणि पाच माणसं धावत खाली आली असती. पण ती आली असती तर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता तेही इंदुबाईंना ठाऊक होतं. इथेच असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. सापडेल. सापडली की कुणाला कळायचंही नाही.

त्या उठल्या. भिंतीला हात लावून स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंत गेल्या, आत मान फिरवून फिरवून पाहिलं. नव्हती. परत हॉलमध्ये आल्या, लाद्यांवरून गेल्या, गुळगुळीत काचेवरून चालल्यासारखं वाटत होतं, एकदा तोल गेला. पुढच्या दारापर्यंत गेल्या. बाहेर विटांचा ढीग, त्याच्यापुढे रस्ता. नव्हती. मग त्यांना टाकी आठवली.

मागच्या दारातून बाहेर पडताना त्यांच्या नडगीला काहीतरी लागलं, रक्त आलं असावं. अंगणात त्या गुडघ्यांवर बसल्या आणि हातांनी चाचपत पुढे सरकल्या, कारण उभ्यानं गेलं असतं तर काठ कळला नसता. सिमेंटचा काठ हाताला लागला. पत्र्यासाठी त्यांनी हात फिरवला. पत्रा तोंडावर नव्हता, बाजूला सरकलेला होता.

त्यांनी बाही न सारता हात पाण्यात घातला, खांद्यापर्यंत घातला. पाणी थंडगार होतं. हात फिरवला तर बोटांना कापड लागलं. जड, भिजलेलं कापड.

त्यानंतर त्या ओरडल्या. तो आवाज आपला आहे हे त्यांना कळलं नाही.

जिन्यावरून धाड धाड पावलं आली. दत्तात्रेयानं काही न विचारता कपड्यानिशी टाकीत उडी मारली. पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं. नम्रता अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिथून पुढे येईना. पाण्याचा खळबळ आवाज, मग दत्ताचा श्वास, मग काहीतरी काठावर आदळलं. स्लॅबवर पाणी धरायला वापरलेलं गोणपाट होतं ते, गवंड्यांनी पत्रा सारून आत टाकलेलं. दत्तानं पुन्हा बुडी मारली, चारी कोपरे पायांनी तुडवले. टाकीत दुसरं काही नव्हतं.

आणि तेव्हा आतून, मागच्या दाराच्या चौकटीतून, मनूचा आवाज आला. घाबरलेला, रडवेला. तिनं विचारलं की काका पाण्यात का गेला.

नम्रतानं तिला उचललं ते इतकं घट्ट आवळून की पोर दुखतंय म्हणून रडायलाच लागली. कुठे होतीस, कुठे गेली होतीस, हे प्रणित पुन्हा पुन्हा विचारत होता. पोरीला वाटलं आपण काही वाईट केलं. ती स्वतःची बाजू सांगू लागली.

"मी कुठे नाय गेले. मी भिंतीला टेकून उभी होते. आजी दोनदा माझ्या जवळून गेली. मला वाटलं खोटं खोटं शोधते."

दत्तात्रेय टाकीच्या काठाला धरून तसाच पाण्यात उभा राहिला. इंदुबाई अजून गुडघ्यांवरच होत्या, ओली बाही अंगाला चिकटलेली. दीड वर्ष ज्या क्षणाला त्या भ्यायल्या होत्या तो आला होता, आणि त्यांना सगळ्यांचे चेहरेसुद्धा दिसत नव्हते. फक्त सरूचे पाय दिसत होते, कारण ती अगदी समोर येऊन उभी होती.

"मला दिसत नाय," त्या म्हणाल्या. "उजवा डोळा गेला. डाव्यानं समोरचं ताटाएवढं दिसतं, बाजूचं नाय."

कधीपासून, असं प्रणितनं विचारलं. वर्षश्राद्धापासून, त्यांनी सांगितलं.

"मला ठाव होतं," सरू म्हणाली.

नम्रतानं मनूला खाली ठेवलं. "तुम्हाला ठाऊक होतं, ताई. आणि गणपतीत माझी मुलगी यांच्या हवाली करायचं ठरलं, तेव्हा तुम्ही तिथेच बसून चहा गाळत होतात."

सरूनं नाकारलं नाही. ती हळूहळू बोलली, जणू पुष्कळ दिवस मनात घोकलेलं असावं. आजीला आमच्या घरी पडवीत कशी ठेवली होती ते मी लहानपणी पाहिलंय, ती म्हणाली. पाटावर बसून आजी हात कसा पुढे करायची ते पाहिलंय. आत्याचा हात तसाच पुढे जायला लागला तेव्हाच मला समजलं. मी बोलले असते तर त्याच दिवशी हिचं काय करायचं ते चारचौघांत ठरलं असतं. मला वाटलं, आत्या आपणहून सांगेल. "तुझ्या पोरीचा इचार नाय केला मी," ती शेवटी म्हणाली. "ते चुकलं माझं."

दत्तात्रेय पाण्यातून वर येता येता बायकोवर गरजला. नवऱ्याला सांगायचं नाही, दिराला सांगायचं नाही, आज पोर गेली असती तर काय तोंड दाखवणार होतीस. त्याला प्रणितनं अडवलं. वहिनीला बोलू नकोस, तो म्हणाला, आपण दोघं तिची पोरं, दीड वर्ष तिच्यासमोर जेवलो, आपण काय बघत होतो. त्यावर नम्रता प्रणितवर उलटली की तुला अजून वहिनीचंच पडलंय. कोण कुणाच्या बाजूचं हे त्या अंगणात दर वाक्याला बदलत होतं, आणि मधे मनू आईच्या साडीचा काठ धरून एकेकाकडे बघत होती.

इंदुबाईंना वाटलं, इथे थांबावं. सगळे एकमेकांवर रागावलेत, आपल्यावर कुणी नाही. आजारी बाई म्हणून सुटून जाऊ. पण हात अजून थंड होता, त्या भिजलेल्या कापडाचा स्पर्श बोटांतून जात नव्हता.

"आणखी एक हाय," त्या म्हणाल्या. "पोर दिसत नाय हे मला आधीच कळलं होतं. मी तुम्हाला हाक नाय मारली. तुम्हाला कळंल म्हणून. आपली आपणच शोधीत फिरले. पाण्यात असती तर तेवढ्यात मेली असती."

या वेळी भांडण थांबलं ते थांबलंच. नम्रतानं मुलीला उचललं, घराला वळसा घालून पुढच्या बाजूला गेली आणि विटांच्या ढिगावर बसली. निघेपर्यंत ती परत आली नाही. लाद्यांचा विषय कुणी काढला नाही.

पुढचे चार दिवस इंदुबाई खारातल्या घरात निकालाची वाट बघत बसल्या. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तर भीती कमी व्हायला हवी होती. तसं झालं नाही, ती जास्तच वाढली. दत्ता आणि सरू एकमेकांशी बोलत नव्हते. ताट समोर आलं की सरू वाटी कुठे, भाकरी कुठे ते सांगायची, आणि त्या प्रत्येक सांगण्यागणिक इंदुबाईंना भावाच्या पडवीतला पाट थोडा जवळ आल्यासारखा वाटायचा. प्रणितचा निरोप नव्हता. वरश्याला आपल्याला नेणार नाहीत, इथे सरूवर ओझं, असा हिशेब त्या मनात फिरवत राहिल्या.

पाचव्या दिवशी सकाळच्या एसटीनं नम्रता आली. एकटी. कचेरीतून रजा काढली होती. चहा नको म्हणाली, पेणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, निघू या, एवढंच. सरूनं न विचारता लुगडं बदललं, पण नम्रता म्हणाली की दोघी पुरे. सरू उंबरठ्यात उभी राहिली. मग नम्रतालाच काहीतरी वाटलं असावं. संध्याकाळी आल्यावर सगळं सांगते ताई, असं ती जाता जाता म्हणाली.

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकायला लावली, आणि बराच वेळ लावून सांगितलं की हा काचबिंदू आहे. आतला दाब वाढतो, नस सुकत जाते. उजवा गेला तो गेला. डाव्यात आहे तेवढं राखता येईल, पनवेलला ऑपरेशन करावं लागेल, थेंब जन्मभर. वर्षापूर्वी आला असतात तर यापेक्षा पुष्कळ राहिलं असतं. राहील याची खात्री देता का, असं नम्रतानं विचारलं. खात्री कुणी देत नाही, डॉक्टर म्हणाले.

बाहेर रिक्षात बसल्यावर ती बोलली. "आई, एक स्पष्ट सांगते. मनूला मी तुमच्याकडे एकटीला सोडणार नाही. शेजारची एक बाई बघितलीय, ती दुपारची येईल. तुम्हाला वाईट वाटेल, पण मी सोडणार नाही."

"नको सोडूस," इंदुबाई म्हणाल्या.

"आणि वरश्याला तुम्ही यायचं. मनू विचारते. तुमची इच्छा असेल तर."

रिक्षा थांबली होती. आवाजावरून त्यांना कळलं की हे लाद्यांचं दुकान आहे. उतरताना नम्रतानं पायरी आहे म्हणून सांगितलं, एक, आता, आणि पाय बरोबर जागेवर पडला.

दुकानात चारपाच गिऱ्हाईकं होती. शेठनं ओळखलं, खुर्ची पुढे केली आणि आजीबाईंना नवी डिझाइनं दाखवू का म्हणून विचारलं.

"त्यांना दिसत नाही," नम्रता म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "लाद्या खाली मांडा. त्या पायांनी बघतील."

दीड वर्ष जे वाक्य कुणाच्या तोंडून येऊ नये म्हणून इंदुबाईंनी जिवाचा आटापिटा केला होता ते भर दुकानात बोललं गेलं. त्यांचं तोंड तापलं. कुठेतरी एक बाई बोलायची थांबली. मग शेठ म्हणाला, चपला काढा आजी, आणि माणसाला त्यानं लाद्या खाली घ्यायला सांगितल्या. दुसरं काहीच झालं नाही.

इंदुबाई अनवाणी उभ्या राहिल्या. पहिली ती गुळगुळीत हस्तिदंती. पाय टेकताच त्यांच्या पोटऱ्या आवळल्या. दुसरी, तेवढीच मोठी, पण न चकाकणारी, तळव्याला बारीक रेती लागावी तशी. नम्रतानं पेल्यातून तिच्यावर पाणी ओतलं आणि पुन्हा चालायला सांगितलं. पाय धरून राहिला. त्या पलीकडच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, आणि येताना त्यांना जाणवलं की त्यांचं एक पाऊल आणि एक लादी जवळजवळ सारखी आहे. सांधा तळव्याखालून गेला की एक झाली. त्या मनात मोजत परत आल्या. चार.

ही बरी आहे, त्यांनी सांगितलं. पण तुला ती चकाकणारी हवी होती.

"हॉलमध्ये चकाकणारीच घालणार आहे मी," नम्रता म्हणाली. "तुमची खोली, स्वयंपाकघर, बाथरूम, तिथे ही. हॉलमध्ये माझा हात धरून चालायचं."

इंदुबाईंना तिचा चेहरा ताटाच्या मधोमध दिसत होता. झोप न झालेला, कडक, तीस वर्षांच्या पोरीचा चेहरा. हॉल केवढा आहे ते त्यांना आठवलं, त्यातून पलीकडे जाताना ही कचेरीत असेल तेव्हा काय, तेही आठवलं. आणि डावा डोळा राहिलाच नाही तर.

"मला भ्या वाटतं गो," त्या म्हणाल्या.

"मलाही वाटतं," नम्रता म्हणाली, आणि तिनं शेठला दोन्ही लाद्या लिहून घ्यायला सांगितल्या.